स्वतंत्र चित्रपटांच्या ध्वनिमुद्रिका

मोठ्या चित्रपटसंस्थांच्या भांडवलावाचून व नियंत्रणावाचून निर्माण झालेल्या चित्रपटांतील गीते, वाद्यसंगीत आणि क्वचित संवाद व अन्य ध्वनी निवडून, ते चित्रपटाविनाही ऐकता यावेत अशा रीतीने सिद्ध केलेले ध्वनिमुद्रणांचे संच. चित्रफितीच्या कडेने मुद्रित होणाऱ्या ध्वनीच्या पट्ट्यास ‘साउंडट्रॅक’ म्हणतात. त्यावरून अशा संचास ‘साउंडट्रॅक अल्बम’ हे नाव पडले. चित्रपटातील ध्वनी जसाच्या तसा मुद्रिकेवर उतरविणे एवढेच या संचाचे कार्य नसते. संगीताचे कथेशी असलेले नाते न तोडता ते स्वतःच्या बळावर श्रवणीय ठरविणे, ही त्याची खरी कसोटी होय. या कसोटीस पूर्णपणे उतरलेल्या संचांत द हार्डर दे कम (१९७२) या जमेकन चित्रपटाच्या संचाचे स्थान वरचे आहे.

पूर्वपीठिका : वॉल्ट डिझ्नी यांच्या स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्‌वॉर्फ्‌स (१९३७) या चित्रपटातील गीते १९३८ मध्ये मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तीन मुद्रिकांवर प्रसिद्ध झाली. अशा प्रकारच्या आरंभीच्या संचांत त्यांची गणना होते. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटास ३३ १/३ फेरे घेणारी दीर्घवादन मुद्रिका प्रचारात आणली. तिच्या एकेका बाजूवर सु. २० मिनिटांहून अधिक संगीत मावू लागल्याने संपूर्ण चित्रपटाचे संगीत सलगपणे सादर करणे सुकर झाले. मोठ्या संस्थांच्या चित्रपटांत विशाल वाद्यवृंदाकडून वाजविलेल्या रचना असत. स्वतंत्र निर्मात्यास तो खर्च झेपत नसे. साहजिकच त्याच्यापुढे दोन मार्ग उरत : मोजक्या वादकांकडून थोड्या वेळात संगीत करवून घेणे किंवा आधीच प्रसिद्ध झालेली गीते परवानगी मिळवून वापरणे. या प्रकारातील उत्तम संचांची दोन घराणी या दोन मार्गांतूनच निर्माण झाली.

अल्पसाधन संगीतरचना : फ्रेंच दिग्दर्शक ल्वी माल यांच्या असांसर पूर लेशाफो (१९५८) या चित्रपटासाठी अमेरिकन जॅझ वादक माइल्स डेव्हिस यांनी ४ व ५ डिसेंबर १९५७ च्या दरम्यानच्या रात्री पॅरिसमध्ये चार साथीदारांसह ट्रम्पेटवादन केले. संपूर्ण लिहिलेली रचना त्यांच्यापुढे नव्हती. स्वरसंवादांचे काही आराखडे आणि पडद्यावर पुनःपुन्हा दाखविली जाणारी दृश्ये यांच्या आधारे त्यांनी उत्स्फूर्तपणे वादन केले. मूळ मुद्रिकेवर यातील दहा लहान रचना आहेत. रात्रीच्या पॅरिसमध्ये एकटीच भटकणाऱ्या नायिकेची मनःस्थिती त्यांतून व्यक्त होतेच. परंतु चित्रपट न पाहिलेल्या श्रोत्यासही त्या जॅझ म्हणून समाधान देतात.

भारतात सत्यजित राय यांच्या पथेर पांचाली (१९५५) या चित्रपटाचे रविशंकर यांनी दिलेले संगीत अशाच रीतीने एका रात्रीच्या सत्रात मुद्रित झाले. विम व्हेंडर्स यांच्या पॅरिस, टेक्सस (१९८४) या चित्रपटासाठी राय कूडर यांनी स्लाइड गिटारचा आधार घेतला. १९२७ मध्ये ब्लाइंड विली जॉन्सन यांनी मुद्रित केलेली एक धून त्यांच्या संगीताच्या मुळाशी आहे. टेक्ससमधील एका कृष्णवर्णीय गायकाचे ते स्वर त्याच प्रदेशातील ओसाड माळरानाच्या दृश्यांशी एकरूप होतात. डेव्हिड लिंच यांच्या इरेझरहेड (१९७७) या चित्रपटाचा संच १९८२ मध्ये निघाला. त्यात यंत्रांची घरघर व वाऱ्यासारखे घोंघावणारे ध्वनी यांनाच संगीताचे स्थान दिलेले आहे. या सर्व उदाहरणांत साधनांचा तुटवडा लपविलेला नाही. त्यातूनच संचाचा एकसंध नाद घडला आहे.

संकलित गीतसंच : डेनिस हॉपर दिग्दर्शित ईझी रायडर (१९६९) या अमेरिकन चित्रपटाने दुसऱ्या मार्गास प्रतिष्ठा मिळवून दिली. चित्रपटाच्या संकलनाच्या वेळी तात्पुरती म्हणून जोडलेली प्रचलित रॉक गीते दृश्यांशी इतकी जुळून गेली, की तीच कायम ठेवण्यात आली. मात्र या मार्गात स्वामित्वहक्कांचा प्रश्न उद्भवतो. चित्रपटात गीत वापरण्याचा हक्क आणि ते मुद्रिकेवर विकण्याचा हक्क हे निरनिराळे असतात. चित्रपटात ‘द बँड’ या वृंदाने गायिलेले ‘द वेट’ हे गीत आहे; मुद्रिकेसाठी ते उपलब्ध न झाल्याने तेथे स्मिथ या दुसऱ्या वृंदाने गायिलेले तेच गीत घालावे लागले. संचाची अंतिम घडण अशा रीतीने पुष्कळदा कलाविचाराइतकीच करारपत्रांवर अवलंबून असते.

द हार्डर दे कम : पेरी हेन्झेल (१९३६–२००६) यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट जमेकात जमेकन लोकांनीच निर्माण केलेला पहिला कथापट मानला जातो. पैसा हाती येईल तसतसे त्याचे चित्रीकरण टप्प्याटप्प्याने करण्यात आले. गायक होण्याच्या आशेने खेड्यातून किंग्स्टन शहरात आलेला आयव्हन हा तरुण त्याचा नायक असून ती भूमिका जिमी क्लिफ या प्रसिद्ध गायकाने केली आहे. आयव्हनचे गीत मुद्रित होते. परंतु त्याचे सर्व हक्क त्याला एका निर्मात्यास अवघ्या २० डॉलरांना विकावे लागतात. स्वतःच ते गीत आकाशवाणीवर वाजवून घेण्याचा त्याचा प्रयत्न फसतो. पुढे तो गुन्हेगारीकडे वळतो आणि पोलीस त्याच्या मागावर असतानाच ते गीत लोकप्रिय होते. त्या काळी किंग्स्टनमधील अनेक गायकांना एकरकमी अल्प मोबदल्यावर गीत देऊन टाकावे लागे. त्यामुळे ही केवळ कल्पित कथा नव्हती.

या चित्रपटातील संगीताचे कारण चित्रपटाच्या कथेतच आहे. पात्रे गाणी गातात, रेडिओवर ऐकतात, नृत्यगृहात त्यांवर नाचतात आणि त्यांचाच व्यापार करतात. संचात बारा ध्वनिमुद्रणे असून शीर्षकगीत चित्रपटासाठी नव्याने केलेले, तर बाकीची बहुतेक १९६७ ते १९७१ या काळात आधीच प्रसिद्ध झालेली होती. क्लिफ यांच्या गीतांबरोबर मेटल्स, मेलोडियन्स, स्लिकर्स हे वृंद, तसेच डेस्मंड डेकर व स्कॉटी यांची गीते त्यात आहेत. मेलोडियन्स यांच्या गीतास बायबलमधील स्तोत्रांचा आधार असून ते रास्ताफारी पंथाच्या श्रद्धेशी निगडित आहे. डेकर आणि स्लिकर्स यांची गीते शहरातील उडाणटप्पू तरुणांविषयी आहेत. तर स्कॉटी यांच्या गीतात वाजणाऱ्या मुद्रिकेवर लयबद्ध बोलण्याची जमेकन रीत आढळते. भक्ती, उपहास, दारिद्र्य व बंड या चारही सुरांतून किंग्स्टनचे एक समग्र चित्र उभे राहते.

गीतांचा क्रमही अर्थपूर्ण आहे. चित्रपटाच्या आरंभी खेड्याकडून शहराकडे येणाऱ्या बसच्या दृश्यावर ऐकू येणारे, इच्छा धरल्यास सर्व काही मिळते अशा आशयाचे गीत संचाच्या आरंभी आहे. पहिली बाजू शीर्षकगीताने संपते. दुसऱ्या बाजूच्या अखेरीस ही दोन्ही गीते पुन्हा येतात. मात्र मधली गीते ऐकून झाल्यावर आरंभीच्या आश्वासनाचा अर्थ पूर्वीचा राहत नाही. कथानक ठाऊक नसणाऱ्या श्रोत्यासही आशेपासून संघर्षापर्यंतचा हा प्रवास जाणवतो.

आयलंड या कंपनीने काढलेल्या या संचाने रेगे संगीत जमेकाबाहेरील फार मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत प्रथमच नेले. क्लिफ यांनी लवकरच ती कंपनी सोडली. बॉब मार्ली व वेलर्स यांचा कॅच अ फायर (१९७३) हा संच त्याच कंपनीने त्यानंतर प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०२१ मध्ये द हार्डर दे कम या संचाचा समावेश जतन करावयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या सूचीत केला.

निवड व मर्यादा : चित्रपटातील सर्व ध्वनी संचात असावेत की निवडक, याविषयी दोन मते आहेत. डेव्हिस यांच्या वर उल्लेखिलेल्या सत्रातील सर्व आवृत्त्या १९८८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. अभ्यासकांना त्या मोलाच्या वाटतात. परंतु मूळ मुद्रिकेचा आटोपशीरपणा त्यांत नाही. संवादांच्या समावेशासही हाच नियम लागू पडतो. पॅरिस, टेक्सस च्या संचातील नायकाचे प्रदीर्घ स्वगत संगीताच्या अंगाने ऐकता येते, म्हणून ते तेथे शोभते; नुसती आठवण म्हणून घातलेले संवादांचे तुकडे पुनःश्रवणात अडथळा ठरतात. त्याचप्रमाणे, केवळ विक्रीसाठी चित्रपटात नसलेली लोकप्रिय गीते जोडल्यास संचाची एकात्मता नष्ट होते.

भारतात चित्रपटगीतांच्या मुद्रिका बहुधा चित्रपटाआधीच बाजारात येत असल्याने गीते कथेपासून सुटी करून ऐकण्याची सवय श्रोत्यांस जुनीच आहे. तथापि मराठीत जब्बार पटेल दिग्दर्शित जैत रे जैत (१९७७) या ठाकर आदिवासींच्या जीवनावरील चित्रपटात ना. धों. महानोर यांची गीते व हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत कथनाचाच भाग बनले आहे. ती गीते स्वतंत्रपणे ऐकतानाही डोंगर, रान आणि तेथील माणसे यांचा संदर्भ सुटत नाही.

एकविसाव्या शतकात आंतरजालावरून एकेक गीत सुटे निवडून ऐकण्याची प्रथा रूढ झाल्यामुळे मुद्रिकेच्या दोन बाजू व त्यांवरील क्रम यांचे महत्त्व घटले आहे. सुटेपणी गीत टिकते. परंतु कोणत्या गीतानंतर कोणते ऐकावे या निर्णयातून निर्माण होणारा अर्थ लोपतो. आयव्हनचे गीत एकटे ऐकल्यास ते विजयगीत वाटते. संचाच्या अखेरीस ऐकल्यास मात्र त्याची किंमत २० डॉलर होती, याचे विस्मरण होत नाही.