साताऱ्याच्या वसतिगृहातून आकाशात

● शाळा : सातारा सैनिक शाळा ही देशातील पहिली सैनिक शाळा. स्थापना २३ जून १९६१.

● नामवंत विद्यार्थी : एअर चीफ मार्शल प्रदीप वसंत नाईक. १९६९मध्ये लढाऊ वैमानिक म्हणून हवाई दलात. २००९ ते २०११ हवाई दलप्रमुख.

● घर लवकर सुटते : सहावीच्या प्रवेशासाठी वय १० ते १२. सांगली-साताऱ्याची पोरं घरच्या देवापुढे डोकं टेकवून ट्रंक उचलतात. मग घर दिसतं ते सुट्टीतच.

● पुढची वाट : बारावीला भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-गणित, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (‘एनडीए’) तीन वर्षे, नंतर हैदराबादजवळ दुंडिगलला हवाई दल अकादमी.

● मुलींना प्रवेश : सर्व सैनिक शाळांत २०२१-२२पासून.

● पालकांनो : प्रवेशपरीक्षेचा अर्ज मूल पाचवीत असतानाच भरायचा असतो. मुदत चुकवू नका.