सामाईक काहील आणि घरचा हक्क

दुभत्याचा धंदा करणाऱ्या आमच्या शेतकरी बंधूंस बिअरच्या कारखान्याची ओळख बहुधा एकाच वस्तूवरून असते. ती वस्तु म्हणजे चोथा. रस काढून घेतलेल्या जवाचा हा ओला चोथा गाड्या भरून गोठ्यावर येतो, म्हशी तो आवडीनें खातात आणि हिशेब तेथेंच संपतो. तो जव कोणीं पिकविला, कोणीं शिजविला व त्यांतील नफा कोणाच्या पदरीं पडला, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. आमच्या मतें शेतकऱ्यानें तो अवश्य करावा, आणि त्यासाठींच हा लेख आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. आम्ही मद्यपानाचे पुरस्कर्ते नव्हे. दारूपायीं जमिनी गहाण पडून अखेर कागदावरून नांवें उतरलेलीं घराणीं महसूल खात्याच्या नोकरींत आम्हीं डोळ्यांनीं पाहिलीं आहेत. वर्धा जिल्ह्यांत सन १९७५ पासून व गडचिरोली जिल्ह्यांत सन १९९३ पासून दारूबंदी आहे; आणि सन १९४९ च्या कायद्यानें परवान्यावांचून बिअर करणें हा आपल्या राज्यांत सर्वत्रच गुन्हा आहे. म्हणून पुढील मजकूर कोणीं कृति शिकण्यासाठीं वाचूं नये. पिकाचा जिन्नस होतांना हक्क, पाणी, चोथा आणि नांव हीं चार कोणाच्या हातीं राहतात, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम बिअर म्हणजे काय तें पाहूं. ज्या घरीं नाचणीचें सत्त्व होतें तेथील गृहिणीस निम्मी कृति ठाऊकच असते. जव सुमारें दोन दिवस भिजवून पसरतात. चार-पांच दिवसांत त्यास मोड फुटतो. मग तो उष्ण हवेनें वाळवितात. अशा मोड आणून वाळविलेल्या धान्यास मॉल्ट म्हणतात. मोड येतांना दाण्यांत असे पाचक पदार्थ उत्पन्न होतात कीं, मॉल्ट भरडून ६२ ते ७२ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यांत ठेविलें असतां दाण्यांतील पिष्टाची साखर होते. हा गोड रस गाळून घेतला म्हणजे मागें राहतो तो चोथा. रसांत हॉप नांवाच्या वेलाचीं सुकीं फुलें घालून तो उकळतात. त्यानें कडवटपणा येतो आणि पेय टिकतें. रस निवल्यावर त्यांत यीस्ट म्हणजे किण्व घालतात. तें साखर खाऊन मद्यार्क व वायु उत्पन्न करतें.

येथें शेतकऱ्यानें एक मुद्दा ध्यानांत ठेवावा. चाऱ्याचा जव निराळा आणि मॉल्टचा जव निराळा. मॉल्टसाठीं दाणा टपोरा व एकसारखा हवा, १०० पैकीं ९५ हून अधिक दाण्यांस मोड यावयास हवा, आणि प्रथिनांचें प्रमाण शेंकडा साडेनऊ ते साडेअकरा यांच्या आसपास असावें. उत्पन्नाच्या लोभानें ज्यानें युरिया सढळ हातानें टाकला, त्याच्या दाण्यांत प्रथिन वाढतें, पिष्ट त्या मानानें घटतें, आणि मॉल्टवाला माल परत करतो. म्हणजे कढईंतील रसाची परीक्षा शेतांतच होऊन गेलेली असते.

आतां मोठा कारखाना आणि लहान कारखाना यांतील भेद. मोठ्या कारखान्याची बिअर हजार कोसांवरहि एकाच चवीची लागावी लागते. म्हणून ती गाळतात, पुष्कळ वेळां उष्णता देऊन तींतील जीवजंतु मारतात, आणि खर्च कमी करण्यासाठीं मॉल्टबरोबर तांदूळ, मका किंवा साखरहि वापरतात. यांत लबाडी आहे असें नव्हे. लांबच्या बाजारासाठीं माल करावयाचा तर तसें करावेंच लागतें. लहान कारखान्याची बिअर बहुधा न गाळलेली व ताजी असते. ती फार दूर जात नाहीं व फार दिवस राहत नाहीं. परंतु चवीचा भेद हा वरवरचा झाला. खरा भेद कशांत असतो, हें पाहण्यासाठीं वाचकांस आम्ही जर्मनींतील एका मुलखाकडे नेतों.

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतास बिअरच्या बाबतींत जुनी शिस्त आहे. सन १५१६ मध्यें इंगोलस्टाट येथें तेथील ड्यूकांनीं हुकूम काढिला कीं, बिअरींत जव, हॉप आणि पाणी यांखेरीज कांहीं घालूं नये. किण्वाचें नांव त्यांत नाहीं, कारण त्याचें खरें स्वरूप त्या काळीं कोणास ठाऊक नव्हतें. त्याच हुकमानें विक्रीचे भावहि बांधून दिले होते. गहूं व राय हीं धान्यें भाकरीसाठीं शिल्लक राहावींत, हाहि त्यामागील एक हेतु मानला जातो.

याच प्रांताच्या ईशान्येस, चेक देशाच्या सरहद्दीलगत, ओबरफाल्त्स नांवाचा डोंगराळ भाग आहे. तेथील नॉयहाउस, विंडिशेशेनबाख, फाल्केनबर्ग, मिटरटाइश व एस्लार्न या पांच गांवीं सामाईक बिअरघरें अद्याप चालू आहेत. नॉयहाउस गांवास बिअर करण्याचा हक्क सन १४१५ मध्यें मिळाला असें तेथें सांगतात. या बिअरीस त्सॉइगल म्हणतात. शब्दाचा अर्थ ‘खूण’. ज्या घरीं बिअर तयार असेल त्या घरावर षट्कोनी तारा टांगतात. तो दिसला कीं गांवकरी समजतात, आज येथें पाळी आहे.

पाळी हा शब्द आम्हीं मुद्दाम योजिला. तेथील व्यवस्था आपल्या सामाईक विहिरीसारखीच आहे. काहील, भट्टी व रस निवविण्याचें पसरट पात्र गांवाच्या मालकीचें. हक्कदार कुटुंबानें आपलें मॉल्ट व हॉप घेऊन यावें, लाकडाच्या जाळावर रस उकळावा, काहिलीचें भाडें भरावें, रात्रभर रस निवूं द्यावा आणि दुसऱ्या दिवशीं टाकींत भरून ट्रॅक्टरनें आपल्या घरीं न्यावा. येथपर्यंत सर्व सामाईक. किण्व घालणें व तळघरांत कित्येक आठवडे मुरूं देणें, हें मात्र ज्याचें त्यानें करावयाचें. त्यामुळें एकाच काहिलींतून निघालेला रस प्रत्येक घरीं निराळ्या चवीचा होतो. मग महिन्यांतून कांहीं ठराविक दिवस घरच्याच खोलींत बांके मांडून, घरच्या थंड खाण्याबरोबर ती बिअर विकतात. कोणत्या आठवड्यास कोणाचें घर उघडें, याचें कोष्टक आधींच प्रसिद्ध होतें. म्हणून एकानें दुसऱ्याचें गिऱ्हाईक तोडण्याचा प्रश्न फारसा येत नाहीं.

परंतु आमच्यासारख्या जुन्या कारकुनाचें मन वेधून घेणारी गोष्ट पुढेंच आहे. तेथें बिअर करण्याचा हक्क माणसाला चिकटलेला नाहीं, तो घराला चिकटलेला आहे. आणि जमीनमालमत्तेच्या सरकारी दप्तरांत त्या घराच्या खात्यावर तो नोंदलेला असतो. आपल्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ म्हणून रकाना असतो, तसेंच हें समजावें. शेंकडों वर्षांत राज्यें बदललीं, तरी नोंद राहिली म्हणून हक्क राहिला.

नोंदीचें मोल आम्ही स्वानुभवानें जाणतों. दुसऱ्यांच्या हक्कांच्या नोंदी लिहिण्यांत आम्हीं उभा जन्म घालविला, पण आमच्याच वडिलोपार्जित विहिरीवरील चार आण्यांच्या पाळीची नोंद तोंडी विश्वासावर राहून गेली. वडील गेल्यावर भाऊबंदांनीं पाळी नाकारली. दाखवावयास कागद नव्हता. त्या वर्षीं उभा ऊंस आम्हीं डोळ्यांदेखत वाळतांना पाहिला. दूरच्या मुलखांतील त्या बिअरघरांची हकीकत वाचतांना आम्हांस प्रथम आठवली ती ती विहीर.

सामाईक व्यवस्था ही कांहीं परक्यांचीच विद्या नव्हे. धुळें-नाशिक भागांतील पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धतीनें शेतकऱ्यांनीं स्वतःच बंधाऱ्याचें पाणी पिढ्यान्‌पिढ्या वांटून घेतलें. गुऱ्हाळहि कित्येक ठिकाणीं भागींतच चालत असे. फरक एवढाच कीं आपण पाण्याची व चरकाची पाळी लावली, पण तयार मालाच्या विक्रीची पाळी लावली नाहीं. गूळ अडत्याच्या दारांत जाऊन पडला कीं आपला संबंध संपला.

आतां लहान कारखान्याचे दोषहि सांगितले पाहिजेत; एकांगी स्तुति कोणाच्याहि उपयोगाची नाहीं. पहिला दोष पाण्याचा. सन २०१६ च्या दुष्काळांत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें मराठवाड्यांतील मद्य व बिअर कारखान्यांच्या पाण्यांत मोठी कपात करण्याचा हुकूम दिला, हें वाचकांस स्मरत असेल. तेव्हां रोष मोठ्या कारखान्यांवर होता, व तो स्वाभाविक होता. परंतु एका लिटर बिअरीमागें पाण्याचा खर्च पाहिला तर लहान कारखाना पुष्कळदां मोठ्याहून अधिक उधळा ठरतो, कारण भांडीं धुण्यांत व रस निवविण्यांत जाणारें पाणी पुन्हा वापरण्याचीं साधनें त्याजपाशीं नसतात. दुसरा दोष हा कीं, ‘गांवची’ म्हटलेली बिअर गांवच्याच धान्याची असते असें नाहीं. त्सॉइगलवाले कुटुंबहि आज मॉल्ट बहुधा विकतच घेतें. आपल्याकडे पुण्यास सन २००९ मध्यें डूलॅली नांवाचा लहान कारखाना निघाला व पुढें असे अनेक निघाले. पण जव हें महाराष्ट्राचें मुख्य पीक नव्हे, तें राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणा या बाजूचें. आणि हॉपच्या वेलास थंडी व उन्हाळ्याचे लांब दिवस लागत असल्यानें तो आपल्या देशांत हिमाचलांतील लाहौलसारख्या ठिकाणींच होतो. तेव्हां कारखाना जवळ निघाला म्हणजे शेतकऱ्याचा माल खपलाच, असें समजूं नये.

तथापि धान्य बदलतां येतें, याचा एक दाखला आहे. नायजेरिया देशानें सन १९८८ मध्यें जवाच्या मॉल्टची आयात बंद केली. तेव्हां तेथील कारखान्यांस देशी ज्वारी व मका यांकडे वळावें लागलें. ज्वारीचें पिष्ट फुटण्यास जवापेक्षां अधिक उष्णता लागते व पाचक पदार्थ कमी पडतात, म्हणून ते बाहेरून घालावे लागले. पण बिअर झाली, आणि ज्वारीस नवें गिऱ्हाईक मिळालें.

चोथ्याविषयींहि दोन शब्द. १०० लिटर बिअरीमागें सुमारें २० किलो ओला चोथा निघतो. त्यांत तीन चतुर्थांशांहून अधिक पाणीच असतें; म्हणून किंमत ठरवितांना आपण पाण्याचे पैसे देत आहों हें विसरूं नये. सुक्या भागांत प्रथिन शेंकडा २० हून अधिक असतें, हा त्याचा गुण. उन्हाळ्यांत तो दोन दिवसांत आंबतो व बुरशी धरतो. बुरशीचा चोथा गाभण जनावरांस तर मुळींच घालूं नये. लगेच संपणार नसेल तर मुरघासाप्रमाणें हवाबंद दाबून ठेवावा. लांबून येणाऱ्या चोथ्यापेक्षां जवळचा चोथा ताजा मिळतो, हा लहान कारखान्याचा शेजाऱ्यास रोकडा लाभ होय.

शेवटची गोष्ट नांवाची. त्सॉइगलची कीर्ति वाढली तेव्हां मोठे कारखानेहि त्याच नांवानें बिअर विकूं लागले. केवळ शब्दावर मालकी सांगतां येईना. तेव्हां सामाईक बिअरघरांच्या हक्कदारांनीं संघ केला आणि ‘सामाईक काहिलीचा खरा त्सॉइगल’ अशी आपली निराळी खूण लावली. सन २०१८ मध्यें ही परंपरा जर्मनीच्या सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादींत दाखल झाली. आपल्याकडे गोव्याच्या काजू-फेणीस सन २००९ मध्यें व कोल्हापूरच्या गुळास सन २०१४ मध्यें भौगोलिक निशाणीची नोंद मिळाली, ती याच कारणासाठीं. परंतु निशाणी मिळाली म्हणजे काम झालें नाहीं. ती वापरणारे शेतकरी नोंदले गेले पाहिजेत, आणि परका माल आपल्या नांवावर खपत असतां तक्रार करणारा संघ जागा पाहिजे. नाहींतर नांव आपलें आणि नफा दुसऱ्याचा, हें चालूंच राहील.

सारांश, लहान कारखान्याचें वैशिष्ट्य त्याच्या लहानपणांत नाहीं. हक्क नोंदलेला, खर्चाचें साधन सामाईक, कौशल्य घरचें, विक्री पाळीनें आणि नांव राखलेलें, या पांच गोष्टी जेथें एकत्र आहेत तेथें तो टिकला. ओबरफाल्त्समध्येंच जेथें त्या सुटल्या, तेथील कितीतरी काहिली थंड झाल्या. बिअरीचें नांव काढून तेथें गूळ, काकवी, बेदाणा किंवा नाचणीचें सत्त्व घालावें आणि वाचकांनीं आपल्या गांवचा हिशेब मांडून पाहावा. आणि तो मांडण्यापूर्वी आपल्या सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ हा रकाना एकवार वाचावा. तोंडी चाललेली एखादी पाळी त्यांत नसेल, तर वडील मंडळी हयात आहेत तोंवर ती लिहवून घ्यावी, एवढीच आमची आग्रहाची विनंति आहे.