टाळी: औषध नव्हे, खूण

सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या मंडळींत एक समज फार पक्का आहे. तळहातावर शरीरातल्या सगळ्या अवयवांचे बिंदू असतात आणि रोज शेकडो टाळ्या वाजवल्या की मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार बरे होतात, असा तो समज. यातला एकही आजार टाळीने बरा होतो, याचा भरवशाचा वैद्यकीय पुरावा नाही. तळवे लाल आणि गरम होतात, कारण तिथला रक्तप्रवाह तेवढ्यापुरता वाढतो. खांदे-मनगटं हलतात, थोडा व्यायाम होतो. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या हास्यक्लबच्या चळवळीतही टाळ्या आहेतच. चारचौघांत हसत ताल धरल्यावर वाटणारी प्रसन्नता खरीच असते. पण तिच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी बंद करणं जिवावर बेतू शकतं.

२२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूत संध्याकाळी पाच वाजता आपण टाळ्या वाजवल्या, त्या डॉक्टर, परिचारिका आणि इतर अत्यावश्यक सेवकांच्या आभारासाठी. त्या टाळ्यांच्या कंपनांनी कोरोनाचा विषाणू मरतो, हा संदेश मात्र घरोघरी पोचला आणि पत्र सूचना कार्यालयाला तो खोटा असल्याचा खुलासा करावा लागला.

टाळीचा आवाज म्हणजे नुसता हातावर हात आपटल्याचा आवाज, हेही अर्धंच खरं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवलं, की तळव्यांमधल्या पोकळीत कोंडलेली हवा अंगठा आणि तर्जनीमधल्या फटीतून झोताने बाहेर पडते आणि बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखी घुमते. म्हणून खोलगट हातांची टाळी खालच्या सुरात वाजते, तळव्यावर बोटं मारली की आवाज चढा येतो.

गाण्यात दर मात्रेला टाळी हवी, असं अनेक श्रोत्यांना वाटतं. सोळा मात्रांच्या तीनतालात टाळ्या तीनच: पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर. नववीला खाली, म्हणजे हात न वाजवता नुसता बाजूला न्यायचा. रूपक तालात तर समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली असते. कुठे आहोत हे गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला कळावं, एवढ्यासाठीच ही खूण.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो तृतीयपंथीयांच्या टाळीवर. ती ऐकली की लोक गाडीची काच वर करतात. शाप किंवा धमकी समजतात. बोटं फाकवून, सपाट तळव्यांनी वाजवलेली ती टाळी त्यांच्या समाजात बोलण्याचाच भाग आहे. शब्दाला जोर द्यायला, राग, गंमत किंवा संमती दाखवायला, गर्दीत आपल्या माणसाला ओळख द्यायला ती वाजते. जन्माच्या, लग्नाच्या बधाईला ढोलकीसोबत तीच असते. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांना कायद्याने स्वतंत्र ओळख दिली. तरी त्यांच्या टाळीची नक्कल करून एखाद्या नाजूक चालीच्या मुलाला चिडवणं शाळा-कॉलेजांत आजही चालू आहे. आपल्या मुलांना त्यापासून आपणच थांबवायला हवं.