शाबासकीचा हिशेब

अध्यापक विद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींची मानसशास्त्राची वही उघडा, त्यात तीन प्राणी हटकून भेटतील. पाव्हलॉव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकची मांजर आणि स्किनरचा उंदीर. रशियातल्या पाव्हलॉव्हने कुत्र्याला खाणं देण्याआधी ठरावीक आवाज ऐकवला. काही दिवसांनी नुसत्या आवाजानेच त्याच्या तोंडाला पाणी सुटू लागलं. अमेरिकेतल्या थॉर्नडाइकने 1898 साली पेटीत कोंडलेल्या भुकेल्या मांजरींवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. धडपडता धडपडता मांजरीकडून एकदा खटका ओढला जाई, दार उघडे, आणि पुढच्या खेपांना तोच खटका तिला लवकर सापडू लागे. पुढे स्किनरने हे सूत्र पक्कं केलं. ज्या कृतीपाठोपाठ हवंसं काही मिळतं, ती कृती पुन्हा पुन्हा घडते. या विचाराला वर्तनवाद म्हणतात, आणि कृतीला बळ देणाऱ्या त्या मिळकतीला प्रबलन. परीक्षेत पाच मार्कांची टीप लिहून झाली, की हे तिन्ही प्राणी पुन्हा वहीत झोपी जातात.

माझी पुतणी धुळ्याला डी.एल.एड. करते. सराव पाठ घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. म्हणाली, "काका, छडी तर कायद्यानेच गेली. मग चाळीस पोरांचा वर्ग आवरायचा कशाने?"

प्रश्न खोटा नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने मुलांना मारण्याला आणि मानसिक त्रास देण्यालाही बंदी केली. 1 एप्रिल 2010 पासून कायदा लागू झाला. मात्र छडीच्या जागी काय आणायचं, हे कायदा कसं सांगणार? ते तिच्या वहीतच होतं. शिक्षेने वर्तन तेवढ्यापुरतं दबतं, नवं काही शिकवलं जात नाही, असं स्किनर सांगत आला. मार खाणारं मूल गणित शिकत नाही, ते गुरुजींची नजर चुकवायला शिकतं.

मी शिक्षणतज्ज्ञ नव्हे. उमेदीची वर्षं जळगाव-धुळ्याकडच्या बँकेच्या शाखांत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण प्रबलन म्हणजे काय, हे मला पिग्मीने शिकवलं. महिन्याकाठी हजार रुपये बाजूला टाका म्हटलं, की बाजारपेठेतला छोटा दुकानदार मान हलवी आणि विसरून जाई. तोच दुकानदार संध्याकाळी पिग्मी एजंट दारात उभा राहिला, की गल्ल्यातून पैसे काढून देई. रक्कम लहान, रोजची, आणि भरल्याची नोंद तिथल्या तिथे हातात. सवय लागते ती अशी. बक्षीस मोठं असण्यापेक्षा ते कृतीला चिकटून असणं महत्त्वाचं.

हाच धडा सरकारलाही गिरवावा लागला. 15 ऑगस्ट 1995 ला पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे 80 टक्के हजेरी भरली की महिन्याला 3 किलो तांदूळ मुलाच्या घरी जाई. हजेरी मुलाची, पण तांदूळ घरच्या डब्यात, तोही महिनाअखेर. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न देण्याचा आदेश दिला आणि पुढे शाळेतच खिचडी शिजू लागली. आज आलास, आज जेवलास. अन्न हा मुलाचा हक्कच आहे, ती लालूच नव्हे. पण शिकण्याच्या शास्त्राने पाहिलं, तर मिळणं आणि येणं यांतलं महिन्याचं अंतर मिटलं. मात्र खिचडी बळ देते ती शाळेत येण्याला. वाचता येण्याला बळ देणारं काही त्या ताटात नसतं. ते वर्गात शिक्षकाकडून मिळावं लागतं.

शिक्षकाकडे द्यायला काय असतं? माझ्या मते, सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे त्याचं लक्ष. आणि तेच आपण उधळतो. पहिल्या बाकावरची मुलगी निमूटपणे गणित सोडवते, तिच्याकडे तासभर कोणी पाहत नाही. मागचा पोरगा शेजाऱ्याला चिमटा काढतो, की बाई हातातला खडू ठेवून त्याचं नाव घेतात, सारा वर्ग वळून पाहतो. बाईंना वाटतं आपण शिक्षा केली. पोराच्या खात्यावर मात्र ती जमा होते. प्रबलन कोणतं, हे देणारा ठरवत नाही. ज्याने कृती वाढली ते प्रबलन, ही स्किनरचीच कसोटी.

याची उलटी बाजू आपल्या खानदेशात जास्त बोचते. पहिलीतलं पोर उभं राहून सांगतं, "मना बाप वावरमा गया." अहिराणी ऐकून वर्ग हसतो, कधी गुरुजीही हसतात. दोन-चारदा असं झालं, की पोर गप्प होतं. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला आवाज आणि खाणं यांची सांगड कळली, या पोराला बोलणं आणि हसू होणं यांची. पुढे शेरा पडतो, 'मुलगा अबोल आहे.' अबोल तो घरून आलेला नसतो.

आता या हिशेबात न बसणारं एक उदाहरण. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालयही त्यांच्याकडे होतं. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते स्वतः झाडून आवरून ठेवत, ही हकिकत खानदेशात घरोघरी सांगितली जाते. उंदराच्या पेटीचा नियम लावला, तर मुलं अधिक आळशी व्हायला हवीत, पसारा टाकला की आयती साफसफाई! झालं उलटंच. मुलं ओशाळली आणि स्वतः आवरू लागली. माणसाचं पोर नुसतं मिळकत मोजत नाही, देणारा कोण आहे आणि तो स्वतः कसा वागतो हेही पाहतं. अल्बर्ट बंडुराने 1961 साली प्रयोग केला. मोठ्या माणसाला बाहुलीला बडवताना पाहिलेली मुलं स्वतःही तिला तसंच बडवू लागली, तेही कुठल्या बक्षिसाशिवाय. बडवणं पाहून शिकता येतं, तसं आवरणंही.

म्हणून पुतणीला म्हटलं, वर्तनवाद टाकून देऊ नकोस, पण तो आधी स्वतःला लाव. रोज शाळा सुटल्यावर वहीत लिही, आज मी कोणाचं नाव घेतलं आणि कशासाठी. आठवड्याने बेरीज कर. खोडीसाठी किती वेळा आणि बरोबर टाकलेल्या पावलासाठी किती, ते कळेल. ज्यांचं नाव एकदाही आलं नाही, त्यांच्यापासून सोमवारी सुरुवात कर.

वाचकहो, ही वही घरातही चालेल. रडणाऱ्या नातवाच्या हाती मोबाइल दिला की रडणं थांबतं. तो रडायला शिकतो आणि आपण मोबाइल द्यायला. त्याच नातवाने आपणहून चपला जागेवर ठेवल्या, तेव्हा आपण वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं होतं का?