गणित अडतें तेव्हां

शाळेची नोकरी सोडून कांहीं वर्षें झालीं, तरी घरांतील मुलें अडलेलें गणित घेऊन अजून माझ्याकडे येतात. मागील महिन्यांत मात्र आला तो माझा पुतण्या. पुण्याच्या एका कारखान्यांत विजेवर चालणाऱ्या मोटारींचे भाग आंखणारा अभियंता. रात्रीचीं जेवणें उरकल्यावर तो माजघरांत संगणक पुढें घेऊन कपाळाला हात लावून बसला होता.

“काका, सोमवारीं अहवाल द्यावयाचा आहे, आणि गणित मध्येंच थांबतें. किती चूक चालवून घ्यावयाची ती मर्यादा दसपट सैल केली, तर तें शेवटास जातें. तसेंच करून टाकूं का?”

प्रश्न मला ओळखीचा वाटला. पुस्तकाच्या शेवटचें उत्तर आधीं पाहून मग रीत जुळविणाऱ्या विद्यार्थ्याचा तो प्रश्न होता.

त्याचें गणित असें: धातूच्या पट्टींतून वीज जाते, तिनें पट्टी तापते, तापल्यानें विजेस होणारा विरोध वाढतो, आणि धातु प्रसरण पावून जोडांवर ताण येतो. एक गोष्ट बदलली, कीं बाकीच्या बदलतात. म्हणून संगणक काळाचे लहान लहान तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्यासाठीं एक उत्तर अंदाजानें धरतो, समीकरणांत घालून तें सुधारतो, आणि लागोपाठच्या दोन उत्तरांतील फरक नगण्य होईपर्यंत हेंच करीत राहतो. ही रीत आपणांस परकी नव्हे. सातव्या शतकांतील पहिल्या भास्कराचार्यांच्या ग्रहगणितांत ती आहे. पुनःपुन्हां करावयाचें म्हणून तिला ‘असकृत्’ कर्म म्हणत, आणि फरक उरला नाहीं म्हणजे ‘अविशेष’ झाला असें म्हणत. फरक घटण्याऐवजीं वाढूं लागला, कीं गणित अडलें.

मीं त्यास सरळ उत्तर न देतां एका इंग्रज गृहस्थाची हकीकत सांगितली. ल्यूइस फ्राय रिचर्डसन यांनीं पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें जखमी सैनिकांची गाडी हांकतां हांकतां हवामानाचें भविष्य केवळ गणितानें काढण्याचा उद्योग केला. वारा, दाब, उष्णता व बाष्प यांचीं समीकरणें एकत्र गुंफून त्यांनीं 20 मे 1910 या होऊन गेलेल्या दिवसाच्या सहा तासांचें गणित हातानें सोडविलें. उत्तर आलें, कीं मध्य युरोपांत दाब 145 मिलिबारनीं वाढेल! हवेचा एकंदर दाबच सुमारें 1013 मिलिबार. इतकी वाढ पृथ्वीवर कोठेंच संभवत नाहीं. प्रत्यक्षांत त्या दिवशीं दाब जवळजवळ स्थिर होता.

या गृहस्थांनीं आंकड्यांस हात लावला नाहीं. 1922 सालीं त्यांनीं आपलें सारें गणित त्या विपरीत उत्तरासह छापून टाकलें. म्हणूनच पुढील लोकांस दोष शोधतां आला. दोष समीकरणांत नव्हता. आरंभाच्या आंकड्यांत होता. वारा व दाब यांचीं मोजमापें परस्परांशीं सुसंगत नव्हतीं, आणि त्या विसंगतींतून उठलेल्या खोट्या लाटांनीं खरा बदल झांकून टाकला. पुढें पीटर लिंच या आयरिश शास्त्रज्ञांनीं आरंभींचे आंकडे तेवढे सुसंगत करून तीच रीत चालविली, तेव्हां उत्तर विश्वसनीय आलें. काळाचा तुकडा केवढा घ्यावा, याचाही नियम 1928 सालीं कूरांट, फ्रीड्रिक्स व लेवी या तिघां गणितज्ञांनीं सांगितला. समोरच्या क्षणाचें उत्तर मागील क्षणावरून थेट काढावयाचें असेल, तर लाट एका घरापलीकडे जाईल एवढा तुकडा घेतां कामा नये.

पुतण्या बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे आधीं आरंभ पाहिला पाहिजे.” पाहतो तों पहिल्या क्षणीं पट्टी थंड, आणि वीज मात्र एकदम पूर्ण! त्यानें वीज पहिल्या सेकंदांत क्रमाक्रमानें चढविली. गणित थोडें पुढें सरकून पुन्हां थांबलें. मग त्यानें उष्णता स्थिर धरून विजेचेंच गणित सोडवून पाहिलें, तें सुटलें. अर्थात् दोष उष्णतेच्या बाजूस. धातूच्या गुणांची सारणी शंभर अंशांवर संपत होती, आणि त्यापुढें यंत्र आपल्या मनानें रेघ वाढवीत होतें. सारणी पुरी केली. जोडाच्या कोपऱ्यांत जाळें बारीक केलें, काळाचे तुकडे लहान केले. पण एका वेळीं एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहींत टिपून. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कोणत्या औषधाचा हें वैद्यासही कळत नाहीं.

उत्तर आल्यावरही तो थांबला नाहीं. काळाचे तुकडे निम्मे करून तेंच उत्तर येतें का हें पाहिलें, आणि आंत गेलेली वीज व निघालेली उष्णता यांचा जमाखर्च जुळविला.

अहवाल सोमवारीं गेला नाहीं. बुधवारीं गेला, आणि वरिष्ठांचे दोन शब्द ऐकून घ्यावे लागले. परंतु सैल मर्यादेच्या गणितांत जो जोड सुरक्षित दिसत होता, तोच खऱ्या गणितांत नको तितका तापत होता. त्या जोडाचा आकार आतां बदलला आहे. त्या गाड्यांतून कोणाचीं तरी मुलेंबाळें बसावयाचीं आहेत.

मुलांचें गणित अडलें, तर वडीलधाऱ्यांनीं रागावूं नये, आणि उत्तरही सांगूं नये. अडलेलें गणित कोठें तरी कांहीं चुकलें आहे एवढें प्रामाणिकपणें सांगत असतें. त्याचें तोंड बंद करण्यापेक्षां तें काय म्हणतें हें ऐकण्याची संवय घरांतच लागली पाहिजे.