कवंदी : कडेपासून मध्यापर्यंत

वापरून जुन्या झालेल्या वस्त्रांचे थर एकमेकांवर पसरावयाचे, ते साध्या धावदोऱ्याने सांधावयाचे आणि त्यांतून नवे पांघरूण सिद्ध करावयाचे, ही रीत भारतात जवळजवळ सर्वत्र आढळते. तिची नावे मात्र प्रांतोप्रांती निरनिराळी आहेत. बंगालमध्ये तिला कांथा म्हणतात, बिहारमध्ये सुजनी. राजस्थान, कच्छ व सिंध या भागांत ती रल्ली या नावाने ओळखली जाते, उत्तर कर्नाटकात कौदी आणि महाराष्ट्रात गोधडी किंवा वाकळ. कर्नाटकातील सिद्दी स्त्रिया आपल्या पांघरुणाला कवंदी म्हणतात. या प्रकरणात प्रामुख्याने कवंदीचा विचार करावयाचा आहे. कारण कापडाच्या तुकड्यांची जुळणी आणि थरांची शिलाई ही दोन कामे येथे एकाच वेळी चालतात आणि त्यामुळे ओळीमागून ओळ घालीत पांघरूण कसे घडत जाते, हे तिच्यात विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळते.

जुने कापड का वापरतात?

काटकसर हे या रीतीचे पहिले कारण होय, परंतु ते एकमेव कारण नव्हे. नव्या सुती कापडात खळ असते व ते काहीसे ताठ असते. पुष्कळदा धुतल्यावर खळ निघून जाते, धागा मोकळा होतो आणि कापड मऊ पडते. तान्ह्या मुलाच्या अंगाखाली घालण्यास म्हणूनच जुने लुगडे किंवा धोतर अधिक योग्य. असे कापड एकेरी असता दुबळे असते; थोडा ताण पडला तरी फाटते. पण त्याचेच तीन-चार थर एकमेकांवर ठेवून जवळजवळ टाके घातले, म्हणजे ताण एका जागी न राहता अनेक टाक्यांत विभागला जातो. शिवाय थरांच्या मधे हवा कोंडून राहते आणि पांघरुणाला ऊब येते. स्वतंत्रपणे निरुपयोगी ठरलेली चार कापडे एकत्र येऊन आणखी काही वर्षे टिकतात, ती अशी.

या व्यावहारिक कारणांबरोबर श्रद्धेचाही भाग आहे. बिहारमध्ये नवजात बालकाला जुन्या वस्त्रांच्या सुजनीत गुंडाळीत असत. तुकडे एकत्र जोडण्याच्या या कृतीशी चितिरिया माँ, म्हणजे चिंध्यांची देवी, हिचे नाव निगडित आहे. विखुरलेल्या गोष्टी शेवटी एका पूर्ण वस्तूत सामावतात, ही भावना तिच्यामागे आहे.

कवंदी शिवणारा समाज

सिद्दी हे आफ्रिकी वंशाचे भारतीय होत. मराठी वाचकांना जंजिऱ्याच्या सिद्दींचा इतिहास परिचित आहे. परंतु कर्नाटकातील सिद्दींची कहाणी राज्यकर्त्यांची नाही. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज अमलात पूर्व आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणले गेले. सोळाव्या शतकापासून पुढे दीर्घकाळ हा व्यापार चालू होता. गुलामगिरीतून निसटलेले स्त्रीपुरुष घाट ओलांडून अरण्यात शिरले आणि तेथेच वसले. आज त्यांची वस्ती मुख्यतः उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड व अंकोला या तालुक्यांत आणि धारवाड व बेळगाव जिल्ह्यांच्या काही भागांत आहे. त्यांच्यात हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. घरात बोलली जाणारी त्यांची कोंकणी मराठी व कन्नडच्या सहवासात वाढलेली आहे. उत्तर कन्नडमधील सिद्दींचा समावेश 2003 मध्ये अनुसूचित जमातींत करण्यात आला.

घाटमाथ्यावरचा पाऊस दीर्घ व जोरदार असतो आणि हिवाळ्याच्या रात्री थंड असतात. शेतमजुरी व जंगलातील कामे यांवर ज्यांचा निर्वाह चालतो, त्यांना विकतची जाड पांघरुणे परवडत नसत. साहजिकच घरात साठलेल्या कापडाच्या गाठोड्याला मोल आले. फाटलेली लुगडी, विटलेले सदरे, लुंग्या, मुलांचे लहान झालेले कपडे असे सर्व काही त्यात जमा होत जाते.

कवंदीची रचना

ठिगळकामाची पांघरुणे शिवण्याच्या स्थूलमानाने दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत वरचा दर्शनी थर आधी स्वतंत्रपणे तयार करतात. तुकडे कापून त्यांच्या पट्ट्या किंवा चौकोन जुळवावयाचे, ते एकमेकांस जोडून पूर्ण पृष्ठभाग तयार करावयाचा, मग त्याखाली इतर थर घालून सर्वांवर समांतर ओळींत धावदोरा मारावयाचा. रल्ली अशी तयार होते. या पद्धतीत नक्षी आधी ठरते. शिलाई नंतर येते.

कवंदीचा क्रम याहून वेगळा आहे. येथे स्वतंत्र दर्शनी थर नसतोच. प्रथम जमिनीवर जुने लुगडे अस्तर म्हणून पसरतात. शिवणारी एका कोपऱ्यापाशी बसते, गाठोड्यातून एक तुकडा निवडते, त्याची कड आत मुडपून तो अस्तरावर ठेवते आणि धावदोऱ्याने पक्का करीत पुढे सरकते. पहिल्या तुकड्याची उघडी राहिलेली कड दुसऱ्या तुकड्याखाली जाते, दुसऱ्याची तिसऱ्याखाली. अशा रीतीने चारी कडांनी एक फेरा पूर्ण झाला, की त्याच्या आतून दुसरा फेरा सुरू होतो. फेरे आकुंचित होत जातात आणि शेवटचा तुकडा मध्यावर बसतो. म्हणजे कवंदीतील ओळ या टोकापासून त्या टोकाकडे जात नाही. ती कोपऱ्यावर वळते आणि आत शिरते. महाराष्ट्रातील अनेक गोधड्यांवरही टाके असेच कडेने फिरत मध्याकडे गेलेले दिसतात.

या क्रमाचे परिणाम लक्षात घेण्यासारखे आहेत. धावदोऱ्याबरोबर कापड थोडे थोडे पुढे ढकलले जाते. समांतर शिलाईत हे जादा कापड शेवटच्या कडेला निघून जाते. कवंदीत ते मध्याकडे जमू लागते. म्हणून प्रत्येक फेऱ्यानंतर हाताच्या तळव्याने कापड आतून बाहेर सारखे करावे लागते. दोरा फार ओढला तर चुण्या पडतात, सैल सोडला तर टाका पायाच्या बोटात अडकून तुटतो. दोन ओळींत साधारणपणे बोटभराहून कमी अंतर ठेवणे इष्ट. अंतर वाढले म्हणजे धुताना थर एकमेकांवरून घसरतात आणि कापडाचे बोळे होतात.

ही पद्धत ज्यांना स्वतः करून पाहावयाची असेल, त्यांनी प्रारंभी लहान मुलाच्या दुपट्याएवढेच काम घ्यावे. जाड शिवणी, गुंड्या व काज असलेला भाग कापून टाकावा. गाठोड्यात नवे सुती कापड असेल तर ते आधी धुऊन वाळवावे. एरवी ते पुढे आटते व भोवतालच्या जुन्या तुकड्यांना ओढून धरते. कृत्रिम धाग्याचे कापड घसरते व घाम शोषून घेत नाही, तेव्हा ते अंगाशी येणाऱ्या बाजूस वापरू नये. तुकडे आधी मांडून ठेवण्याची आवश्यकता नाही. एका फेऱ्यात गडद रंग आले असतील, तर पुढच्या फेऱ्यात विटके किंवा पांढुरके तुकडे घेतले म्हणजे दोन्ही ओळी उठून दिसतात. तांबडा किंवा पिवळा रंग थोडाच उपलब्ध असेल, तर तो एका जागी न संपविता निरनिराळ्या फेऱ्यांत विखरावा.

काम पूर्ण झाल्यावर चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या शिवतात. त्यांना ‘फुला’, म्हणजे फुले, असे म्हणतात. पांघरुणाच्या मजबुतीशी त्यांचा काही संबंध नाही. तथापि फुलांवाचूनची कवंदी उघडी-नागडी होय, असे सिद्दी स्त्रिया मानतात. ज्या घरात कापडाचा प्रत्येक तुकडा मोजून वापरला जातो, तेथे केवळ शोभेसाठी चार तुकडे राखून ठेवले जातात, ही गोष्ट विसरता येण्याजोगी नाही. ही पांघरुणे केवळ दारिद्र्यातून जन्मली, असे म्हणणाऱ्यांनी तिचा विचार अवश्य करावा.

हात आणि ओळख

बाहेरच्या माणसाला सर्व कवंद्या सारख्याच वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः टाक्याची लांबी, ओळींतील अंतर, तुकड्यांचा आकार आणि रंगांची निवड यांत प्रत्येक शिवणारीची स्वतःची लय असते. कोणी मोठे तुकडे पसरून त्यांवर इवले चौकोन बसविते, कोणी पट्ट्याच अधिक वापरते. ख्रिस्ती घरांतील काही कवंद्यांवर क्रूस आढळतो, मुसलमान घरांतील काहींवर चंद्रकोर. कवंदीवर नाव लिहिण्याची प्रथा नाही. तिचा हातच तिची सही होय.

बंगालच्या कांथांतही नाव घातलेल्या थोड्याच आहेत. कोलकात्याजवळ जोका येथील गुरुसदय संग्रहालयात मानदासुंदरी दासी यांनी आपल्या वडिलांसाठी शिवलेली कांथा आहे. तिच्यावर त्यांनी सुईने मजकूर लिहिला, म्हणून त्यांचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे. गुरुसदय दत्त (1882–1941) यांच्यासारख्या संग्राहकाने अशा वस्तू जमविल्या म्हणून त्या उरल्या. बाकीची असंख्य पांघरुणे वापरात झिजली, त्यांचेच पुन्हा दुसऱ्या पांघरुणात थर झाले आणि शेवटी ती नाहीशी झाली.

यातच या कलेचा खरा प्रश्न दडलेला आहे. मूर्ती किंवा भांडे शतकानुशतके टिकते. त्यावरून कारागिराची पद्धत पुढे शोधून काढता येते. नित्य अंथरली-पांघरली जाणारी, दगडावर आपटून धुतली जाणारी कवंदी काही वर्षांतच विरते. तिची पद्धत वस्तूत साठून राहत नाही. एका हाताने दुसऱ्या हाताला दिली तरच ती राहते. आजीशेजारी बसून नातीने पहिला कोपरा वळविला नाही, तर जुनी कवंदी समोर असूनही नवी घडविणे अवघड.

बाजार आणि नवे कापड

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे कलेतिहासकार हेन्री ड्र्यूवल यांनी सिद्दींच्या कलेचा अभ्यास करताना कवंदीकडे लक्ष वेधले. त्यांच्या सहकार्याने 2004 मध्ये सिद्दी स्त्रियांची कवंदी शिवणारी सहकारी संस्था उभी राहिली आणि 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या शोम्बर्ग केंद्रात कवंद्यांचे प्रदर्शन भरले. बिहारमधील मुझफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा गावी 1988 मध्ये निर्मला देवी यांच्या महिला विकास सहयोग समितीने सुजनीला अशीच नवी चालना दिली होती. तेथील स्त्रिया हुंडा, स्त्रीशिक्षण यांसारखे विषय सुईने रेखाटू लागल्या.

या प्रयत्नांनी स्त्रियांच्या हाती स्वतःचे पैसे आले व आपल्या कामाला मोल आहे हे त्यांना उमगले, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु बाजाराच्या मागण्याही लक्षात घेतल्या पाहिजेत. ग्राहकाला कडा सरळ, माप ठराविक व रंग न जाणारे हवे असतात. भुसुऱ्याच्या सुजनीत जुन्या वस्त्राची जागा बव्हंशी नव्या कापडाने घेतली. नवे कापड विकत घ्यावे लागते. म्हणजे कमाई होण्यापूर्वी खर्च येतो आणि त्यासाठी कोणावर तरी अवलंबून राहावे लागते. गाठोड्यातील कापडाला तो खर्च नव्हता.

कापड नवे आले म्हणून कला संपली, असे समजण्याचे कारण नाही. मुडपलेली कड पुढच्या तुकड्याखाली जावी, फेरा कोपऱ्यावर वळावा, रंगाचा निर्णय ऐन वेळी शिवणारीनेच घ्यावा आणि शेवटी चार फुले बसावीत, हा क्रम कायम असेल तर ती कवंदीच होय. उलट, तुकड्यांचा नकाशा दुसऱ्या कोणी काढून दिला आणि स्त्रियांनी तो फक्त शिवला, तर कापड कितीही जुने असले तरी त्यांच्याकडे केवळ मजुरी उरते. म्हणून कवंदी विकत घेणाऱ्या व्यक्तीने किंवा संग्रहालयाने तिच्यासोबत शिवणारीचे नाव, गाव आणि वापरलेल्या कापडांची माहिती नोंदवून घ्यावी. ज्यांच्या घरी जुनी गोधडी अद्याप शिल्लक आहे, त्यांनी ती एकदा उलटी करून पाहावी. मागील बाजूस ठिगळांचे रंग नसतात, फक्त टाक्यांच्या ओळी असतात. आणि शिवणारीने कोठून आरंभ केला व ती कोठे येऊन थांबली, हे तेथे स्वच्छ वाचता येते.