अकरावी-बारावी विज्ञान शाखेतील विद्यार्थी आणि पालकांचे साहाय्य : हडपसर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

‘यंदा आमच्याकडे बारावी आहे’ हे वाक्य महाराष्ट्रातील कुटुंबांत एखाद्या व्रताची घोषणा करावी तशा स्वरात उच्चारले जाते. दूरचित्रवाणी बंद होते, लग्नकार्यांना जाणे टळते, आई नोकरीतून रजा घेते. हे सर्व प्रयत्न आस्थेपोटी होतात याबद्दल शंका नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या वेळेचा. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिफारस केलेल्या १०+२+३ या आकृतिबंधातील मधला टप्पा दोन वर्षांचा, सलग आणि एकसंध अभ्यासक्रमाचा आहे. घराने मात्र त्यातील एकच वर्ष मोजावयाचे ठरविलेले असते. पालकांचे साहाय्य जेथे सर्वाधिक आवश्यक असते त्या अकरावीच्या वर्षात ते जवळजवळ अनुपस्थित असते आणि बारावीत ते अशा प्रमाणात येते की त्याचेच ओझे व्हावे. प्रस्तुत लेखात या विसंगतीची कारणे व तीवरील व्यवहार्य उपाय यांचा विचार हडपसर परिसराच्या संदर्भात केला आहे.

हडपसरमधील पालकवर्ग

पुणे-सोलापूर मार्गावरील हडपसर हे एकेकाळी भाजीपाला पिकविणारे गाव होते. पुढे औद्योगिक वसाहत आली, कारखान्यांतील कामगार येथे स्थिरावले. त्यानंतर सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांहून अधिक जमीन एकत्र करून मगरपट्टा सिटी उभी केली, आणि माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरदारांची वस्ती वाढली. सोलापूर, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), लातूर, बीड या जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबेही याच रस्त्याने येऊन गाडीतळाच्या आसपास, मांजरीत, फुरसुंगीत राहिली. रयत शिक्षण संस्थेचे साधना विद्यालय व त्यास जोडलेले कनिष्ठ महाविद्यालय, पुणे जिल्हा शिक्षण मंडळाचे अण्णासाहेब मगर महाविद्यालय अशा संस्थांमुळे या सर्व थरांतील मुलांना घराजवळ विज्ञान शाखा उपलब्ध झाली.

त्यामुळे अकरावीच्या एकाच वर्गात तीन प्रकारच्या घरांतील मुले शेजारी बसतात. एका घरात आई-वडील दोघेही अभियंता असतात. त्यांना अभ्यासक्रम समजतो, परंतु ते सायंकाळी उशिरा घरी येतात. दुसऱ्या घरात जमिनीमुळे आर्थिक स्थैर्य असते, पण विज्ञान शाखेचा अनुभव घरात कोणालाही नसतो. तिसऱ्या घरात वडील पाळीत काम करतात आणि मुलगा किंवा मुलगी ही दहावीच्या पुढे जाणारी पहिलीच व्यक्ती असते. साहाय्याचा एकच नमुना या तिन्ही घरांना सांगणे निरर्थक होय. तथापि एक गोष्ट तिन्ही घरांत सारखी आढळते : जून महिन्यात, दहावीच्या निकालाच्या आनंदात, गटाची व खाजगी वर्गाची निवड एकदाच केली जाते आणि तिच्याकडे पुन्हा वळून पाहिले जात नाही.

अकरावीचे हरवलेले वर्ष

दहावीचा निकाल लागल्यानंतर केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रियेच्या फेऱ्या सुरू होतात. पुण्या-मुंबईसारख्या महानगरांपुरती असलेली ही पद्धत २०२५-२६ पासून संपूर्ण राज्यास लागू झाली. फेऱ्या संपून वर्ग सुरळीत भरेपर्यंत बहुधा ऑगस्ट उजाडतो. दिवाळीपूर्वी प्रथम सत्र परीक्षा येते. म्हणजे दहावीत नव्वद टक्के मिळविलेल्या विद्यार्थ्यास भौतिकशास्त्राची पहिली खरी ओळख होण्यास जेमतेम दोन-अडीच महिने मिळतात आणि त्या परीक्षेत त्यास आयुष्यातील पहिले अनपेक्षित गुण मिळतात. ही गुणपत्रिका अनेक घरांत दाखविलीच जात नाही. दाखविली गेली, तरी ‘अकरावीला काय अर्थ आहे, बारावीला कर’ या वाक्याने तिची बोळवण होते.

अकरावीला अर्थ आहे. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत सुमारे २० टक्के भार अकरावीच्या निवडक प्रकरणांवर असतो. राष्ट्रीय स्तरावरील ‘नीट’ आणि ‘जेईई’ या परीक्षांत तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम समान महत्त्वाचा मानला जातो. शिवाय बारावीचे भौतिकशास्त्र अकरावीतील सदिश राशी, गतीचे नियम यांवर आणि बारावीचे कलन अकरावीतील फलन व सीमा यांवर उभे आहे. अकरावीची परीक्षा महाविद्यालयच घेत असल्याने तिला बाह्य प्रतिष्ठा नाही, एवढाच काय तो फरक. २०२१ मध्ये करोनामुळे बारावीची परीक्षा रद्द झाली, तेव्हा राज्य मंडळाने निकालासाठी दहावी, अकरावी आणि बारावी यांना अनुक्रमे ३०, ३० व ४० टक्के भार दिला. ज्यांनी अकरावी सोडून दिली होती त्यांना तिची किंमत तेव्हा एकदम कळली. तो प्रसंग अपवादात्मक होता. परंतु अकरावी वाया गेल्याची किंमत प्रतिवर्षी वसूल होतच असते, फक्त ती गुणपत्रिकेवर स्वतंत्र ओळीत छापली जात नाही.

माध्यमबदल आणि घरातील मराठी

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या विद्यार्थ्यासमोर याच काळात दुसरी अडचण उभी राहते. विज्ञान शाखेचे अध्यापन इंग्रजीतून होते. सेमी-इंग्रजी वर्गांमुळे ही अडचण कमी झाली असली, तरी मिटलेली नाही. पालक म्हणतात, ‘आम्हाला त्यातले काही कळत नाही’, आणि बाजूला होतात. वास्तविक हीच जागा त्यांच्या उपयोगाची आहे. वेग आणि चाल यांतील भेद, संवेग, त्वरण, बल या संकल्पना विद्यार्थ्याने नववीत ‘गतीचे नियम’ या प्रकरणात मराठीतून शिकलेल्या असतात. अकरावीचे इंग्रजी प्रकरण आणि नववीचे मराठी प्रकरण शेजारी ठेवून ‘हे मला मराठीत समजावून सांग’ असे म्हणणाऱ्या आईस भौतिकशास्त्र येण्याची आवश्यकता नाही. सांगताना मूल जेथे अडखळते तेथे त्याचे त्यालाच कळते की आपण शब्द पाठ केले आहेत, अर्थ नव्हे. बालभारतीची जुनी पाठ्यपुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यामुळे यास खर्चही नाही. ‘नीट’ व ‘जेईई मेन’ या परीक्षांची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. राज्याच्या सामाईक परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मराठीतून देता येते, गणित मात्र केवळ इंग्रजीतून असते. हे तपशील अर्ज भरण्याच्या दिवशी कळून उपयोग नाही.

गट, खाजगी वर्ग आणि उपस्थिती

भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-गणित, की जीवशास्त्र, की दोन्ही? ‘दोन्ही ठेवा, दार उघडे राहील’ हा सल्ला सर्वांत लोकप्रिय आणि बहुधा सर्वांत महाग ठरतो. चार विषयांचा भार पेलणारे विद्यार्थी असतात. परंतु केवळ निर्णय पुढे ढकलण्यासाठी चार विषय घेणाऱ्याची दोन्ही बाजूंची तयारी अर्धवट राहते. संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा पीकशास्त्र यांसारखा २०० गुणांचा द्विलक्षी विषय हा पर्याय कित्येक पालकांना ठाऊकच नसतो. निवड चुकल्याचे विद्यार्थ्याला प्रायः पहिल्या सत्रातच जाणवते. ते त्याने बोलून दाखवावे असे वातावरण घरात असणे, हे कोणत्याही शिकवणीपेक्षा मोलाचे साहाय्य होय.

खाजगी वर्गांची निवड ही स्वतंत्र गुंतागुंत आहे. कनिष्ठ महाविद्यालयात नाव आणि वर्गात प्रत्यक्ष हजेरी, ही तथाकथित एकात्मिक पद्धत राज्यभर रूढ झाल्यावर शासनाने २०१८ मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक उपस्थितीचा आदेश काढला. तरीही ही प्रवृत्ती थांबली असे म्हणता येत नाही. ज्या ‘लातूर पॅटर्न’चे दाखले पालक देतात, त्याचा पाया महाविद्यालयातील प्राध्यापकांनी घेतलेल्या वारंवार चाचण्या आणि त्यांची काटेकोर तपासणी हा होता, याचे विस्मरण झाले आहे. प्रयोगशाळेत न गेलेला विद्यार्थी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्राच्या प्रत्येकी ३० प्रात्यक्षिक गुणांना कोणत्या आधारावर सामोरा जातो, हा प्रश्न पालकांनी जितका विचारावा तितकाच महाविद्यालयांनीही स्वतःस विचारावा. केंद्र शासनाने जानेवारी २०२४ मध्ये प्रसृत केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत खाजगी वर्गांनी शाळा-महाविद्यालयाच्या वेळेत शिकवू नये, दिवसाला पाच तासांहून अधिक अध्यापन करू नये आणि विद्यार्थी मध्येच सोडून गेल्यास उर्वरित शुल्क प्रमाणशीर परत करावे, असे म्हटले आहे. ‘पैसे भरले आहेत, आता मागे फिरणे नाही’ असे म्हणणाऱ्या पालकास यातील शेवटची तरतूद तरी माहीत असावी. भरलेले शुल्क हाच अनेक घरांत मुलाच्या मौनाचा आरंभबिंदू असतो.

बारावी : पाच महिन्यांचे वेळापत्रक

बारावीत पालकांनी काय करावे याचे उत्तर वेळापत्रकातच दडलेले आहे. २०२५ चे उदाहरण घ्यावे. ‘जेईई मेन’चे पहिले सत्र २२ जानेवारीस सुरू झाले, मंडळाच्या प्रात्यक्षिक परीक्षा २४ जानेवारीपासून १० फेब्रुवारीपर्यंत होत्या, लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीस सुरू झाली, एप्रिलच्या आरंभी ‘जेईई मेन’चे दुसरे सत्र, ९ एप्रिलपासून राज्याची सामाईक परीक्षा, ४ मे रोजी ‘नीट’ आणि दुसऱ्याच दिवशी बारावीचा निकाल. प्रत्येक परीक्षेचा अर्ज, शुल्क, छायाचित्र, प्रवर्गाची प्रमाणपत्रे आणि केंद्राची निवड स्वतंत्र. सतरा-अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने हे सर्व सांभाळून अभ्यासही करावा, ही अपेक्षा अवास्तव आहे. जातवैधता प्रमाणपत्र किंवा नॉन-क्रीमीलेअर दाखला यांसाठी संबंधित कार्यालयांच्या फेऱ्या बारावीच्या दिवाळीपूर्वी पूर्ण करणारे वडील, मग ते कारखान्यात कोणत्याही पाळीत असोत, मुलाच्या गुणांत अप्रत्यक्ष भर घालीत असतात. अभ्यासाच्या खोलीत डोकावण्यापेक्षा हे काम अधिक उपयुक्त आहे. ते दिसत नाही म्हणून त्याचे कौतुकही होत नाही.

मंडळाच्या गुणांविषयीही दोन टोकांचे गैरसमज आहेत. एका बाजूला ते सर्वस्व मानले जातात, दुसऱ्या बाजूला ‘सीईटीच महत्त्वाची’ म्हणून ते सोडून दिले जातात. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेश सामाईक परीक्षेच्या गुणांकनावर होत असला, तरी संबंधित विषयांत खुल्या प्रवर्गास ४५ व राखीव प्रवर्गास ४० टक्के ही किमान पात्रता आहे. वैद्यकीय प्रवेशासाठी ती अनुक्रमे ५० व ४० टक्के आहे. ‘जेईई’द्वारे राष्ट्रीय संस्थांत जाऊ इच्छिणाऱ्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यास बारावीत ७५ टक्के गुण किंवा मंडळातील पहिल्या २० शततमकांत स्थान लागते.

ताण ओळखणे

झोप तुटणे, जेवण टाळणे, मित्रांचे फोन न उचलणे, सराव चाचणीच्या दिवशी पोटात दुखणे, ही लक्षणे ‘परीक्षेचे दिवस आहेत’ म्हणून सोडून देण्यासारखी नाहीत. त्यातही तुलना हे घरातील सर्वांत सहज वापरले जाणारे आणि सर्वांत घातक साधन आहे. एकाच सोसायटीत किंवा एकाच भावकीत चार मुले त्याच वर्षी बारावीला असली की ते आपोआप वापरले जाते. परीक्षाकाळात राज्य मंडळ समुपदेशकांचे दूरध्वनी क्रमांक जाहीर करते. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व मराठीतूनही उपलब्ध आहे. महाविद्यालयांची जबाबदारी येथे संपत नाही. पालकसभा बारावीच्या डिसेंबरात, उपस्थितीची नोटीस हाती देण्यासाठी घेण्याऐवजी अकरावीच्या प्रथम सत्राच्या निकालानंतर लगेच, आणि पाळीत काम करणाऱ्यांना येता येईल अशा रविवारी घेतली, तर अनेक गोष्टी वेळेत उघड होतील.

निकालानंतरचा प्रश्न

अपेक्षित गुण न मिळाल्यास ‘एक वर्ष थांबू’ हा निर्णय घरात सहसा निकालाच्याच रात्री होतो. वस्तुतः त्यासाठी अवधी असतो. ‘जेईई ॲडव्हान्स्ड’ लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते; ‘नीट’साठी प्रयत्नांची मर्यादा नाही आणि कमाल वयाची अटही २०२२ मध्ये काढली गेली. त्यामुळे ‘नीट’बाबत थांबण्याचा मोह दोन-तीन वर्षे लांबतो. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यासाठी पुरवणी परीक्षा आणि उत्तीर्णासाठी श्रेणीसुधार योजना आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशफेऱ्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत चालतात, तर विज्ञान पदवीच्या प्रथम वर्षाचे प्रवेश त्यापूर्वीच भरत आलेले असतात. म्हणून अनेक कुटुंबे घराजवळच्या महाविद्यालयात बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन ठेवतात. त्यातील काही विद्यार्थी पुढील फेरीत निघून जातात. काही तेथेच रमतात, आणि वर्गात पहिल्या बाकावर बसू लागतात.